पेग सेम, लिव्हर वेगळं!

टेबलावर बिल सगळ्यांत सारखं वाटून घेता येतं. शरीराचं बिल मात्र प्रत्येकाला वेगळं येतं. कारण लिव्हर आणि हार्मोन्स यांचं आपसात फार जुनं सेटिंग आहे...

शनिवारची रात्र. अमरावतीचा बडनेरा रोड असो की अकोल्याचा गोरक्षण रोड, सीन साधारण सेम. कुणी बँकेत, कुणी एमआर, कुणी कॉलेजात कॉन्ट्रॅक्टवर, तर कुणी पुण्याच्या कंपनीचं काम इथे घरी बसून करणारा. पगार झालाय, एसी रूममधलं टेबल मिळालंय, मसाला शेंगदाणे आलेत. पूर्वी अशा ग्रुपमध्ये मुली असल्याच तर त्यांच्या समोर कोल्ड ड्रिंक असायचं. आता चित्र थोडं बदललंय. ऑफिसची पार्टी, मैत्रिणीच्या लग्नाआधीची धमाल, चिखलदऱ्याचा वीकेंड... एखादा ग्लास त्यांच्याही हातात दिसतो.

आणि मग दोन डायलॉग हमखास ऐकू येतात. तिच्यासाठी, "घे ना वं, काही नाई होत!" आणि त्याच्यासाठी, "मर्द आहे ना बे? दोनातच आऊट?"

आजचा आपला विषय हे दोन डायलॉगच आहेत. पहिल्यात आपण धरून चालतो की त्याला झेपलं ते तिलाही झेपेल. दुसऱ्यात धरून चालतो की जास्त पिणं म्हणजे जास्त मर्दानगी. गंमत म्हणजे लिव्हरला यातलं एकही मान्य नाही.

घाबरू नका, इथे कीर्तन होणार नाही. ते काम आपल्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी आणि तुकडोजी महाराजांनी करून ठेवलंय, आणि त्यांच्याइतकं जोरदार आपल्याला जमणारही नाही. आपण फक्त हिशेब करू. ऑफिसात एक्सेल शीट भरतो ना, तसा.

आधी मापाचं बोलू

व्हिस्की, रम, व्होडका यांच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. याचा अर्थ ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण १० ग्रॅम. लार्ज म्हणजे २० ग्रॅम. क्वार्टर, म्हणजे १८० मिली, पोटात गेली की ६० ग्रॅम.

"आपण तर फक्त बिअरवाले," असं म्हणणाऱ्यांनी जरा इकडे लक्ष द्या. ६५० मिलीच्या माइल्ड बिअरमध्ये, ५ टक्के धरलं तर, २५ ग्रॅमच्या वर अल्कोहोल असतं. आणि ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ४० ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बिअर बरोबर चार स्मॉल पेग! सोडा टाका, कोला टाका, बर्फ टाका. चव बदलते, ग्रॅम बदलत नाहीत.

हे ग्रॅम मोजायची सवय लावून घ्या. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यांवर आहे.

रेकॉर्ड हायवेचं, लिव्हरचं नाही

जून २०२२ मध्ये आपल्या अमरावती-अकोला हायवेवर ७५ किलोमीटरचा पट्टा सलग १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून गिनीज रेकॉर्ड झालं. मशिनी वाढवल्या, माणसं वाढवली, शिफ्ट लावल्या आणि काम झालं. लिव्हरच्या बाबतीत ही सोय नाही. ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटवतं. एका स्मॉल पेगला तास ते दीड तास. क्वार्टर मारून रात्री बाराला झोपलात, तरी लिव्हरची नाइट शिफ्ट पहाटेपर्यंत चालू असते. ब्लॅक कॉफीने झोप उडेल, लिंबूपाण्याने घसा बरा वाटेल, थंड पाण्याच्या आंघोळीने हुडहुडी भरेल. वेग वाढणार नाही. पोटभर जेवून घेतलं तर दारू रक्तात हळू उतरते, हे खरं. पण शेवटी निपटवायची तेवढीच.

आता खरी गोष्ट. लिव्हरला हे एकच काम नाही. साखर सांभाळणं, चरबीची ने-आण, औषधं मोडणं ही कामं आपण शाळेत वाचलेली. एक काम मात्र फारसं कुणी सांगत नाही. आपल्या शरीरातले सेक्स हार्मोन्स, म्हणजे टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन, काम झाल्यावर मोडून बाहेर टाकायचं डिपार्टमेंटही लिव्हरचंच. शिवाय हे हार्मोन्स रक्तातून वाहून नेणारं एक खास प्रोटीन असतं, तेही लिव्हरमध्येच तयार होतं. म्हणजे लिव्हर बिघडलं की हार्मोन्सचा ताळमेळ बिघडतो. आणि उलट बाजूने, अल्कोहोलचा मार लिव्हरला किती लागणार हेही काही प्रमाणात हार्मोन्स ठरवतात. रस्ता टू-वे आहे.

तिच्या शरीरात काय होतं?

समजा, तो ६० किलोचा आणि तीही ६० किलोची. दोघांनी एकेक लार्ज घेतला. तरीही तिच्या रक्तात अल्कोहोलचं प्रमाण जास्त निघतं. का? कारण अल्कोहोल पाण्यात विरघळतं, चरबीत फारसं नाही. पुरुषाच्या वजनात पाणी साधारण ६० टक्के, बाईच्या वजनात ५० च्या आसपास. एक चमचा साखर मोठ्या ग्लासात टाका आणि तेवढीच लहान ग्लासात टाका. कुठलं सरबत जास्त गोड? झालं, हाच हिशेब. शरीराची ही ठेवण वयात येताना हार्मोन्सच घडवतात. स्टॅमिनाचा किंवा सवयीचा यात संबंध नाही.

दुसरं कारण पोटातलं. अल्कोहोलचा थोडा भाग लिव्हरपर्यंत पोचायच्या आधी जठरातच मोडला जातो. १९९० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये इटली आणि न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवलं, की हे काम करणारं एन्झाइम बायकांच्या जठरात कमी चालतं. त्याचा वाटा नेमका किती यावर नंतर बरीच चर्चा झाली. पाण्याच्या हिशेबावर मात्र वाद नाही.

तिसरं कारण सगळ्यात इंटरेस्टिंग. दारूमुळे आतड्याचं अस्तर सैल पडतं आणि तिथल्या बॅक्टेरियांचं विष झिरपून थेट लिव्हरला पोचतं. लिव्हरमध्ये कुप्फर नावाच्या पहारेकरी पेशी असतात. विष दिसलं की त्या आरडाओरडा करतात, सूज येते, आणि या सुजेतच लिव्हरचं नुकसान होतं. इस्ट्रोजेन असलं की हे पहारेकरी जास्तच तापट होतात! २००० मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या माद्यांवर प्रयोग केले. बीजकोष काढलेल्या माद्यांच्या लिव्हरला दारूने कमी इजा झाली. त्यांना बाहेरून इस्ट्रोजेन दिलं, तर इजा पुन्हा वाढली. आता उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण माणसांचे आकडेही त्याच दिशेने बोट दाखवतात.

कोपनहेगन शहरात तेरा हजारांहून जास्त लोकांवर बारा वर्षं नजर ठेवून केलेला एक अभ्यास १९९६ मध्ये छापून आला. पुरुषांमध्ये लिव्हरच्या आजाराचा धोका आठवड्याला १४ ते २७ ड्रिंकच्या टप्प्यावर वाढू लागला. बायकांमध्ये? ७ ते १३. जवळपास निम्म्यावरच!

म्हणून डॉक्टरांच्या हिशेबातही दोन वेगळे आकडे असतात. फॅटी लिव्हरच्या आजारांची २०२३ मध्ये जगभरात नवी वर्गवारी झाली. त्यात दारूचा वाटा कधी धरायचा, तर बाईच्या बाबतीत रोज सरासरी २० ग्रॅमपासून आणि पुरुषाच्या बाबतीत ३० ग्रॅमपासून. म्हणजे एक लार्ज आणि दीड लार्ज. आता लगेच "मग एक लार्ज चालते!" म्हणून उड्या मारू नका. ही परवानगी नाही, फाइल कुठल्या कप्प्यात ठेवायची याची खूण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय, की दारूचं अमुक प्रमाण आरोग्याला सेफ, असं काही नसतं.

मग इस्ट्रोजेन व्हिलन आहे का?

अजिबात नाही! उलट दारू मध्ये नसेल तर तेच लिव्हरचं बॉडीगार्ड आहे. इस्ट्रोजेन चरबीला मांड्या आणि नितंबांकडे वळवतं, पोटात आणि लिव्हरमध्ये साठू देत नाही. त्यामुळे पाळी चालू असलेल्या वयात बायकांना फॅटी लिव्हर पुरुषांपेक्षा कमी होतं. पाळी थांबली की हे संरक्षण उतरतं आणि प्रमाण वाढतं. आईच्या सोनोग्राफीत पन्नाशीनंतर अचानक 'फॅटी लिव्हर ग्रेड वन' दिसतं आणि घरात सगळे म्हणतात, "हिने तर आयुष्यात थेंब घेतला नाही!" त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं. दारू हे लिव्हर बिघडायचं एकमेव कारण नाही.

तरुण मुलींमध्ये याला एक अपवाद आहे, पीसीओएस. पाळी अनियमित, चेहऱ्यावर केस, वजन उतरत नाही... यात पुरुषी हार्मोन्स वाढलेले असतात, इन्सुलिन नीट काम करत नाही आणि फॅटी लिव्हरची शक्यता वाढते. तुम्हाला पीसीओएस असेल तर इस्ट्रोजेनचा बॉडीगार्ड आधीच अर्धा सुट्टीवर आहे, असं समजा. त्यात दारूची भर नकोच.

आणि बसून काम करणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी एक धक्का. हैदराबादच्या ३४५ आयटी कर्मचाऱ्यांची एक पाहणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ८४ टक्के लोकांच्या लिव्हरमध्ये जास्तीची चरबी सापडली. खुर्ची, बाहेरचं खाणं, अपुरी झोप, नाइट शिफ्ट. खुर्ची हैदराबादची असो की अकोल्याच्या ऑफिसातली, लिव्हरला फरक पडत नाही. अशा आधीच चरबी चढलेल्या लिव्हरवर शनिवारची क्वार्टर पडते, तेव्हा एक अधिक एक दोनापेक्षा जास्त होतात.

मर्दानगीचा उलटा हिशेब

आता दुसरा डायलॉग. "मर्द आहे ना बे?"

१९७६ मध्ये अमेरिकेत धडधाकट पुरुषांना चार आठवड्यांपर्यंत रोज अल्कोहोल देऊन त्यांचे हार्मोन्स मोजले गेले. काय दिसलं? टेस्टोस्टेरॉन घसरलं. रक्तातलं प्रमाणही कमी आणि तयार होणंही कमी. ही पेशंट मंडळी नव्हती, हे लक्षात घ्या. लिव्हर ठणठणीत असलेले गडी होते.

अल्कोहोल इथे तीन ठिकाणी घाव घालतं. वृषणात टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींवर थेट. मेंदूतून त्यांना ऑर्डर देणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीवर. आणि तिसरं म्हणजे टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करणारं एरोमटेज नावाचं एन्झाइम जोरात येतं. हे एन्झाइम चरबीत भरपूर असतं. त्यामुळे पोट सुटलेल्या गड्याचं नुकसान आणखी जास्त.

पुढे लिव्हर कडक होऊन सिरॉसिस झाला, की हार्मोन्स मोडायचं डिपार्टमेंटच ढेपाळतं. मग जे दिसतं ते मेडिकलच्या पुस्तकात पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातंय. छातीला उभार येतो. दाढी आणि छातीचे केस विरळ होतात. वृषण आक्रसतात. तळहात लाल दिसतात. छातीवर, खांद्यावर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल रेषा उमटतात. इच्छा आणि ताकद दोन्ही कमी. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून बायकोच्या तपासण्यांवर तपासण्या चालू असतात, आणि नवऱ्याच्या ग्लासाबद्दल कुणी विचारतही नाही, असं होऊ देऊ नका. मर्दानगी सिद्ध करायला जे प्यायलं, तेच मर्दानगीचं हार्मोन खाऊन टाकतं. यापेक्षा वाईट डील कुठली?

जिममधला शॉर्टकट

काही जण याच्या बरोबर उलट टोकाला. बाहेरूनच हार्मोन घ्यायचं! सहा महिन्यांत बॉडी, लग्नाच्या अल्बमच्या आधी सिक्स पॅक. जिममध्ये कुणीतरी कानात सांगतो, "गोळ्या आहेत, घे, सेफ आहेत."

नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन तोंडाने घेतलं तर लिव्हर ते पहिल्या फेरीतच मोडून टाकतं. म्हणून गोळीच्या रूपातल्या बऱ्याच ॲनाबॉलिक स्टेरॉइड्सची रचना मुद्दाम अशी बदललेली असते, की लिव्हरला ती सहज मोडता येऊ नयेत. स्टॅनोझोलॉल, मेथँडिनोन ही त्यातली नावं. जे लिव्हरला मोडता येत नाही, ते लिव्हरला छळतं. पित्त अडकून कावीळ होते, खाज सुटते. काहींच्या लिव्हरमध्ये रक्ताने भरलेल्या पोकळ्या होतात. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये गाठी आणि क्वचित कॅन्सरही. इंजेक्शनची लिव्हरवर एवढी आफत नसते, पण हृदयाचा धोका आहेच. शिवाय बाहेरून माल येतोय म्हटल्यावर वृषणं काम थांबवतात आणि शुक्रजंतू घटतात. डबा 'प्रोटीन'चा असला म्हणून आत फक्त प्रोटीनच असेल, याची खात्री दुकानदार देऊ शकत नाही. आणि आठवडाभर हे घेऊन शनिवारी बाटली उघडणाऱ्याने तर एकाच लिव्हरवर दोन केस टाकल्या!

आपल्या अमरावतीत हा शॉर्टकट जास्तच खटकतो. इथे १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथल्या पथकाने जगासमोर आपले देशी खेळ आणि व्यायामप्रकार करून दाखवले. कबड्डीसुद्धा! दंड-बैठका, मल्लखांब, दूध आणि झोप. रिझल्ट उशिरा येतो, पण टिकतो.

गोळी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द

हार्मोन्स म्हटलं की मुलींच्या मनात गर्भनिरोधक गोळीचा प्रश्न येतोच. सत्तरच्या दशकात, जेव्हा गोळीत हार्मोनचा डोस बराच जास्त असायचा, तेव्हा लिव्हरमध्ये एक प्रकारच्या साध्या गाठी होतात हे लक्षात आलं. आजच्या गोळ्यांचा डोस खूप कमी आहे. सरकारी दवाखान्यात मिळणारी माला-एन घ्या, त्यात इस्ट्रोजेन फक्त ०.०३ मिलिग्रॅम. लिव्हर धडधाकट असेल तर बहुतेकींना लिव्हरच्या भीतीने गोळी सोडायचं कारण नाही.

पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. सध्या कावीळ असेल, सिरॉसिस असेल किंवा लिव्हरमध्ये गाठ सापडली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हार्मोनची गोळी सुरू करू नका. दुसरं, दारूने गोळीचा परिणाम थेट कमी होत नाही, पण गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती गोळी पोटात गेलीच नाही असं धरा. आणि तिसरं, दारू बायकांच्या रक्तातलं इस्ट्रोजेन वाढवते. ब्रेस्ट कॅन्सरचा धोका दारूने वाढतो, त्यामागच्या कारणांत हे एक धरलं जातं. म्हणजे प्रश्न एकट्या लिव्हरचा नाही.

रिपोर्टवरचा छोटासा घोळ

ऑफिसच्या मेडिकल चेकअपमध्ये एलएफटी होते. त्यात एसजीपीटी नावाची ओळ असते. बऱ्याच लॅबच्या छापील रिपोर्टवर नॉर्मलची हद्द ४० किंवा त्याच्याही वर असते, आणि ती स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच! 'अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी' या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये सुचवलेली खरी हद्द अशी आहे: पुरुषांसाठी २९ ते ३३, बायकांसाठी १९ ते २५. म्हणजे तिचा आकडा ३६ आला तर रिपोर्टवर लाल खूण नसेल, 'ऑल नॉर्मल' म्हणून फाइल कपाटात जाईल. पण तो नॉर्मल नाही.

आणखी एक. एसजीओटी हा एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त असेल, तर डॉक्टरांच्या मनात पहिला संशय दारूचा येतो. लपवून उपयोग नाही, रिपोर्ट चुगली करतो! पण दोन्ही आकडे बरोबर असले म्हणजे लिव्हर ठीकच, असंही नाही. चरबी आणि कडकपणा सोनोग्राफी किंवा फायब्रोस्कॅनमध्ये दिसतो.

डॉक्टर विचारत नाहीत, आपण सांगत नाही

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या साधारण १९ टक्के पुरुषांनी आपण दारू पितो असं सांगितलं. बायकांमध्ये हे प्रमाण जेमतेम १ टक्का. आकडा लहान आहे, आणि म्हणूनच अडचण आहे. पुरुष पोट दुखतं म्हणून गेला की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "घेता का?" बाईला हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. शेजारी आई नाहीतर सासू बसलेली असते. विचारलं तरी उत्तर ठरलेलं. मग ॲसिडिटीची गोळी, रक्तवाढीचं टॉनिक, आणि महिने जातात. जिच्या लिव्हरला कमी दारूत जास्त मार बसतो, तिचंच निदान सगळ्यात उशिरा होतं.

महाराष्ट्रातल्या बायकांचं दारूशी नातं आजवर बहुतेक दुसऱ्याच्या दारूचं राहिलंय. नवऱ्याची, सासऱ्याची, गावातल्या दुकानाची. महिलांच्या मतदानात 'आडव्या बाटली'वर शिक्का मारून त्यांनी किती ठिकाणी दुकानं बंद पाडली. तो लढा मोठाच. पण ज्या मुली आज स्वतः कधीतरी घेतात, त्यांच्या लिव्हरबद्दल बोलायला अजून जागाच तयार झालेली नाही. घरी बोललं तर चारित्र्याचा विषय, मैत्रिणींत बोललं तर बोअर. लिव्हरला चारित्र्य कळत नाही हो, त्याला फक्त ग्रॅम कळतात. डॉक्टरांना सांगा, "मला एकटीने बोलायचंय." तो तुमचा हक्क आहे.

आणि डोळे पिवळे दिसले तर आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे धाव नको. दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुतेकांची आपोआप काही आठवड्यांत उतरते, म्हणून श्रेय त्याला मिळतं. दारूने सुजलेल्या लिव्हरची कावीळ अशी उतरत नाही. तिथे गेलेला प्रत्येक आठवडा महाग पडतो.

तर मग करायचं काय?

* ग्रॅम मोजा, ग्लास नाही. आठवड्याचा हिशेब मोबाइलमध्ये लिहून ठेवा. महिन्याने आकडा बघून तुम्ही स्वतःच चकित व्हाल.
* बरोबरी करू नका. मुलींनो, ग्रुपच्या राऊंडप्रमाणे चालायची गरज नाही. मुलांनो, तिने नको म्हटलं की विषय संपला.
* शनिवारचा कोटा एकदम उडवू नका. "आठवडाभर घेत नाही" म्हणून एका रात्री बाटली संपवणं लिव्हरला जास्तच झोंबतं.
* प्रेग्नन्सी प्लॅन करताय? मग तिने पूर्ण बंद. आणि त्यानेही हात आखडता घ्यायचा, वर टेस्टोस्टेरॉनचं वाचलंत ना?
* डोकं दुखतं म्हणून दारूवर पॅरासिटामॉलच्या गोळ्या मारत बसू नका. ती मोडायचं कामही लिव्हरचंच.
* तपासणी करा. पोट सुटलेलं, शुगर, पीसीओएस किंवा घरात कुणाला लिव्हरचा त्रास असेल, तर वर्षातून एकदा एलएफटी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास सोनोग्राफी.
* रोज भरपूर लागत असेल तर एकदम बंद करू नका. हात थरथरणं, भास, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'सारख्या ठिकाणी बायकांसाठीही उपचार आहेत. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

आता एक गुड न्यूज. लिव्हर हा आपल्या शरीरातला सगळ्यात दिलदार अवयव आहे. दारूने नुसती चरबी चढली असेल, तर पूर्ण थांबवल्यावर ती साधारण चार ते सहा आठवड्यांत उतरायला लागलेली असते, बऱ्याच जणांची तर पार निघूनही जाते. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉनही बऱ्याच अंशी परत वर येतं. सिरॉसिसचे व्रण मात्र सहजासहजी पुसले जात नाहीत. म्हणजे माफी आहे, पण त्याला मुदत आहे.

कायद्याने महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि हार्ड ड्रिंकसाठी २५ वर्षं वय लागतं, मुलगा असो की मुलगी. कायदा दोघांना एकाच मापाने मोजतो, आणि तसंच हवं. बरोबरी पगारात हवी, प्रमोशनमध्ये हवी, रात्री उशिरा घरी सुखरूप पोचण्यात हवी. पेगमधली बरोबरी मात्र दोघांच्याही फायद्याची नाही. तिच्या लिव्हरला ती लवकर महाग पडते, त्याच्या हार्मोनला हळूहळू. पुढच्या राऊंडला वेटर आला की एवढं आठवलं, तरी पुष्कळ झालं, राजेहो!